दमयंतीचा हंस आणि उजनीचं पाणी

लोणी देवकरच्या आमच्या घरात आजीच्या पलंगामागे एक पिवळं पडलेलं चित्र आहे. दमयंती आणि हंस. पळसदेवचं तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली जाण्याआधी भांड्याकुंड्यांबरोबर ते बैलगाडीतून बाहेर आलं.

मूळ चित्र राजा रविवर्मा यांचं, १८९९ सालचं. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप. मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे थेट लेयर्स वाटतात. जपानमध्ये हीच युक्ती १७६५ पासून लाकडी ठोकळ्यांवर चालली होती. कागद तसूभर हलू नये म्हणून ठोकळ्यालाच खाचा असत.

माझ्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर हिरोशिगेचे क्रौंच आहेत, १८५७ चे. जपानी मनात क्रौंच म्हणजे हजार वर्षांचं आयुष्य. पण चित्रातली मिनोवाची शेतं शोगुनच्या शिकारीसाठी राखीव होती! दीर्घायुष्याचं हे प्रतीक ससाण्याच्या तोंडी देण्यासाठीच जपलं जायचं.

आपला हंस निरोप्या. महाभारतात नळाला भेटणारे हंस सोन्याने मढलेले आहेत. रविवर्मांनी मात्र पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी काढला, युरोपातल्या तळ्यांत दिसतो तसा. विदर्भाच्या राजकन्येकडे हा कुठून उडत आला, हे कुणी विचारलं नाही. छापील चित्र घरोघरी गेलं आणि हंस म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येऊ लागला. काही अभ्यासकांच्या मते संस्कृतातला हंस म्हणजे पट्टकदंब: करड्या अंगाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा. तो दर हिवाळ्यात उजनीवर उतरतो, आमच्या गावापासून फार लांब नाही.

जानेवारीत आजीला कुंभारगावला नेलं. सगळे मोबाईल रोहित पक्ष्यांकडे वळलेले. मी बोट करून पट्टकदंब दाखवले, म्हटलं, "आजी, तुझ्या चित्रातला खरा हंस हा."

"ही तर बदकं हायत," ती म्हणाली. मग नाववाल्याकडे वळली. "बाबा, पळसदेवाचं देऊळ कुठंशी आलं?"

त्याने वल्हं खालच्या अंगाला केलं. "तिकडं. आत्ता पाण्यात हाय. उन्हाळ्यात शिखर उघडं पडंल."

हंस तिच्या पाठीमागून उडाले. तिने वळून पाहिलं नाही.