पगार

परवा वसई स्टेशनबाहेर एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो स्वतःच शिक्षक आहे. "काय रे, पगार वेळेवर होतो ना?" मी सहज विचारले. तो हसला. म्हणाला, "सर, पगार कुठला, मानधन म्हणा. तेही तीन महिन्यांचे राहिलेय." गाडीची वेळ झाली होती, तो गेला. मी मात्र घरी येईपर्यंत त्या दोन शब्दांत अडकलो. जन्मभर मराठी शिकवल्याची खोड, दुसरे काय!

'पगार' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परका आहे हे वर्गात सांगितले तर मुलांना खरे वाटत नसे. तो आहे पोर्तुगीज. मौज अशी की मुळात ते नाम नाहीच, क्रियापद आहे. पोर्तुगीज क्रियापदाचे मूळ रूप आर, एर किंवा इर असे संपते. 'पगार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. महिन्याच्या वेतनाला त्यांच्याकडे निराळा शब्द आहे, तो मिठाच्या लॅटिन नावावरून आलेला. (रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच देत, ही गोष्ट मीही वर्गात रंगवून सांगितली आहे. तिला पुरावा नाही हे फार उशिरा कळले. आमच्याकडे एवढी मिठागरे, त्यामुळे मुलांना ती आवडायची!)

पोर्तुगीजांच्या हाती वसई आली 1534 च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाकडून. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोनशे वर्षांचा तो कारभार गेला, किल्ला पडका झाला, पण पाव, चावी, घमेले, बिजागरी, लिलाव, तुरुंग हे शब्द राहिले. ते सगळे वसईतूनच मराठीत शिरले असे मी म्हणणार नाही. गोवा होते, चौल होते. पण 'पगार' शब्द वाचला की मला आपला किल्लाच दिसतो. दगड वाहणारा, नाव वल्हवणारा कुणीतरी मालकाच्या तोंडून हे क्रियापद ऐकत असेल आणि त्याला त्यात हातावर पडणारे पैसेच ऐकू येत असतील. ही माझी कल्पना, पुरावा नव्हे.

मराठीत आल्यावर हा शब्द मुकाट पुल्लिंगी नाम झाला. पगाराला, पगारातून, पगाराचा. अगदी 'डोंगर'सारखा चालतो. 'पगारी रजा' आणि 'बिनपगारी' हे मागून आले. 'शेठने पगार केला' म्हणताना त्याचे क्रियापदपण पुन्हा डोके वर काढते. पण आपण नोकरदार बहुधा म्हणतो 'पगार झाला'. ऊन पडले, पाऊस झाला, तसा पगार झाला. देणारा वाक्यातून गायबच! मग झाला नाही तर जाब कुणाला विचारायचा?

अजून मागे गेले तर लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ 'शांत करणे' असे आहे. शांततेचा 'पाक्स' तोच. देणेकऱ्याने पैसे देऊन घेणेकऱ्याला शांत केले, की झाले. इंग्रजी 'पे' त्याच कुळातला, फ्रेंचमार्गे आलेला. म्हणजे आमची 'पे-स्लिप' आणि 'पगार' चुलत भावंडे.

'मानधन' हा मात्र अस्सल संस्कृत वळणाचा समास. त्यात मान आधी, धन नंतर. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि तो शाळाशाळांतून ऐकू येऊ लागला. 'कायम विनाअनुदानित' या शब्दांतला 'कायम' शासनाने 2009 साली काढला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटलेले मी ऐकले आहे. एक क्रियाविशेषण खोडले म्हणून पेढे! व्याकरण शिकवून मलाही एवढा आनंद कधी देता आला नव्हता. विशेषणाने पुढे अनुदानाची वाट किती पाहायला लावली हे त्या शिक्षकांनाच विचारावे.

पुढच्या वेळी तो विद्यार्थी भेटला की 'पाक्स'ची गोष्ट सांगावी असे आधी मनात होते. पण आता वाटते, आधी त्या तीन महिन्यांचे विचारावे.