तार, भाव आणि व्यापारी

व्यापार म्हणजे मालाची देवघेव, असे आपण शाळेत शिकतो. पण कोणत्याही जुन्या पेढीचा इतिहास पाहा; तिथे मालाच्या आधी बातमीची देवघेव चाललेली दिसेल. मुंबईच्या कापूसबाजाराचेच उदाहरण घ्या ना!

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडकला आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या काळी विलायतेचे टपाल यायला सुमारे महिना लागे. म्हणजे मुंबईचा व्यापारी सौदा करी तो महिन्यापूर्वीच्या भावावर! १८६५ च्या आरंभी इराणच्या आखातातून तार आली खरी. पण तुर्की मुलखातून येताना संदेश दिवसचे दिवस रखडत, शब्दांची मोडतोड होई. त्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलैला, वायदे पुरे करण्याच्या दिवशी, कित्येकांनी दिवाळे काढले.

पुढे १८७० साली सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राच्या तळातून तार पडली. महिन्याचे अंतर तासांवर आले आणि व्यापाराची रीतच पालटली. पूर्वी अंदाज बांधून वखारी भराव्या लागत. आता आगबोट वाटेत असतानाच तिच्यातला माल विकता येऊ लागला. शब्द मोजून पैसे पडत, म्हणून पेढ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश केले. एका शब्दात अख्खे वाक्य! वऱ्हाडात खामगावच्या पेठेपर्यंत लिव्हरपूलचा भाव पोचू लागला. पण पोचला तो व्यापाऱ्याकडे. शेतकऱ्याला अडत्या सांगेल तोच भाव.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १९९४ साली मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात उपग्रहाने जोडलेल्या संगणकांवर शेअरांचे सौदे सुरू झाले. परगावच्या दलालालाही मुंबईचा भाव आपल्या पडद्यावर दिसू लागला. अंतर मिटले, असे वाटले. पण २०१० पासून दलालांची यंत्रे भाडे घेऊन बाजाराच्या संगणकाशेजारीच ठेवली जाऊ लागली. कशासाठी, तर सेकंदाचा अगदी बारीकसा अंश वाचावा म्हणून!

आज शेतकऱ्याच्या खिशातही फोन आहे, भाव त्यालाही कळतो. पण भाव चढेपर्यंत माल घरात ठेवण्याची ऐपत त्याला तारेने दिली नाही आणि संगणकानेही नाही. तारेने अंतर तोडले, हे खरे. पण ते कोणाचे तोडले, हे विचारल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.