आधी गाणं, मग अल्बम

सिनेमा येण्याआधी त्याचं गाणं येतं, हे दिंडोशीत राहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. दादासाहेब फाळके चित्रनगरी आमच्या शेजारचीच, १९७७ सालापासूनची. गाणं आधी रिक्षात वाजतं, मग गणपतीच्या मांडवात वाजतं, सिनेमा त्याच्या मागून येतो. रॉक बँडची रीतही हीच. अल्बममधलं एक गाणं ते आधी सोडतात, त्याला लीड सिंगल म्हणतात. हे एक गाणं पडलं तर अल्बमही पडतो, अशी धास्ती कंपन्यांना असते. ती कितपत खरी, हे पाहायचं तर दोघांचं कूळ शोधावं लागतं. आणि कुळात थोरलं निघतं ते सुटं गाणं.

मूळ पुरुष म्हणजे लाखेची तबकडी. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तासभर फुलवायचा राग तिने त्या तीन मिनिटांत बसवला आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. पुढे आपली नाट्यगीतंही अशीच घराघरांत गेली. गिऱ्हाईक एक तबकडी विकत आणायचं. दोन बाजू, दोन गाणी, बस्स.

'अल्बम' हा शब्द फार जुना, पण गाण्याच्या घरात तो उशिरा आला. लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे पांढरा. रोमन लोक जाहीर सूचना पांढऱ्या फळीवर लिहीत, ती 'आल्बुम'. मग मित्रांच्या सह्या घेण्याच्या कोऱ्या वहीला हे नाव मिळालं आणि पुढे फोटोंच्या वहीलाही. १९०९ साली ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीचं 'नटक्रॅकर' चार तबकड्यांच्या संचात विकलं. असे संच ठेवायला जाड कागदाचे खिसे असलेल्या वह्या निघाल्या. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या दिसत, म्हणून नावही तेच. १९४८ साली कोलंबियाने लाँग प्ले आणली आणि अख्खी वही एका तबकडीत मावली; नाव तेवढं मागे राहिलं. पुढच्याच वर्षी आरसीएने सुट्या गाण्यासाठी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली. भाऊ वेगळे झाले ते तिथे. आपल्याकडच्या एका पिढीने तर अल्बमला सरळ कॅसेटच म्हटलं.

रॉकवाल्यांमध्ये लीड सिंगलची सगळ्यात मोठी साक्ष निर्वाणाची. १० सप्टेंबर १९९१ रोजी 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' आलं आणि दोन आठवड्यांनी 'नेव्हरमाइंड'. कंपनीने अमेरिकेसाठी पहिल्या खेपेला काढल्या होत्या फक्त सुमारे ४६ हजार प्रती. कंपनीची खरी भिस्त 'कम अॅज यू आर' या पुढच्या गाण्यावर होती. पण आधीचंच पेटलं, आणि जानेवारी १९९२मध्ये अल्बमने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ओढून पहिली जागा घेतली.

उलटी साक्षही तितकीच भक्कम आहे. लेड झेपेलिनने 'स्टेअरवे टू हेवन' सिंगल म्हणून बाजारात आणायला नकार दिला. ज्याला ते हवं असेल त्याने १९७१चा चौथा अल्बम घ्यावा. लोकांनी कोट्यवधींच्या संख्येने तो घेतला.

मग मेख कशात आहे? माझ्या मते वाटेत. सिंगलला लोकांपर्यंत नेणारी वाट असेल तरच ते सिंगल, नाहीतर ते अल्बममधलं नुसतं एक गाणं. झेपेलिनचं गाणं अमेरिकेतल्या एफएम केंद्रांनी तबकडीतूनच पुन्हा पुन्हा वाजवलं. आता आपल्या मुंबईचा रॉक मशीन घ्या. १९८४ साली जमलेला हा बँड. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली माणसं. १९८८ साली त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आला, स्वतः रचलेल्या गाण्यांचा. तेव्हा खासगी एफएम नव्हतं, संगीताची वाहिनी नव्हती. गाणं सोडायचं तरी कुठे? कॉलेजांच्या महोत्सवांत आणि धोबी तलावजवळच्या रंगभवनात त्यांनी घाम गाळला, श्रोता एकेक करून जमवला. १९९१मध्ये स्टारवरून एमटीव्ही घरात आलं. रॉक मशीनचं नाव बदलून इंडस क्रीड झालं आणि त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांनी कौल दिला. बँड तोच होता, फक्त वाट नवी होती. पहिल्या अल्बमला ती मिळाली नाही याची मला आजही हळहळ वाटते.

मराठीत आधी गाणं, मग संग्रह याचा सगळ्यात सुंदर दाखला रॉकचा नाहीच, तो मेहकरचा आहे. तिथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची तबकडी निघाली आणि महाराष्ट्रभर घुमली. मराठी भावगीताची सुरुवात तिच्यापासून मानतात. कवीचा पहिला संग्रह मात्र आला १९५४ साली, आणि त्याचं नावही 'शीळ'! गाणं पुढे आणि वही वीस वर्षांहून जास्त मागे. इतक्या काळानंतरही त्या गाण्याची ओळख पुस्तकाला नाव द्यायला पुरली.

पण त्याच कवीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'खूणगाठी' या संग्रहासाठी. त्याच्यापुढे कुठलीही तबकडी चालत आली नव्हती. 'शीळ' ज्यांनी ऐकली आहे त्यांनी 'खूणगाठी' मिळवून वाचावा. आणि या आठवड्यात कुणाचं एखादं नवं गाणं आवडलं असेल, तर त्यांचा अख्खा अल्बम लावून एकदा शेवटपर्यंत ऐकावा.