पिकअपचे फॉग लाइट लागत नाहीत? बिघाड असा शोधा

डहाणू तालुक्यातलं वरोर हे समुद्रकाठचं मासेमारीचं गाव. मासळीची पिकअप पहाटे अंधारात निघते, पावसात पुढचं दिसत नाही, म्हणून बरेच जण बाहेरून फॉग लाइट बसवून घेतात. पण खारी हवा आणि मासळीच्या बर्फाचं पाणी वायरिंगला टिकू देत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोडमधला बग शोधताना आम्ही आधी अर्धा भाग बाजूला काढतो. इथेही तेच करायचं.

सर्किट समजून घ्या
रिलेला चार पिना असतात. ३० वर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून येतो, ८७ वरून लाइटला करंट जातो. ८६ ला स्विचची वायर आणि ८५ ला अर्थ असते. स्विच फक्त रिलेला इशारा देतो, लाइटचा मोठा करंट रिलेतून जातो.

तपासणीचा क्रम

१. फ्यूज बघा. उडालेला नसेल तर पुढे जा.

२. स्विच दाबा आणि रिलेला बोट लावा. 'टिक' जाणवली नाही तर दोष स्विच, ८५-८६ च्या वायरी किंवा रिलेतच आहे.

३. टिक येते पण लाइट नाही? रिले काढा आणि सॉकेटमधल्या ३० आणि ८७ ला फ्यूज असलेल्या वायरने क्षणभर जोडा. लाइट लागले तर रिले बदला. नाही लागले तर आधी ३० वर १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर बल्ब, पुढची वायर किंवा अर्थ तपासा.

४. लाइट मंद आहेत? ते चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी लाइटच्या अर्थ वायरला लावा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब. किनाऱ्यावर बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो: तांब्यावर हिरवा थर, बोल्टखाली गंज. जागा घासून पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा.

५. नवीन एलईडी अजिबात लागत नाही? प्लस-मायनस उलटे झालेत का बघा.

हे करू नका
फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकू नका. ५५ वॉटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात, त्यांना १५ चा फ्यूज पुरतो. तोही उडत असेल तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय. तिथे ३० चा टाकला, तर फ्यूजऐवजी वायर तापेल आणि गाडी पेटू शकते.

काम सुरू करण्याआधी जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा. वायर सोडताना बॅटरीचा मायनस आधी काढा. शेवटी लाइटचा झोत खाली, रस्त्यावर ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्या बाइकवाल्याचे डोळे दिपणार नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गाडीही थोडी निवांत असते. ही सगळी तपासणी तेव्हाच उरकून घ्या.