जोडीचा सेमिनार

 

आमच्या वेळी एम.एस्सी. केमिस्ट्रीला सेमिनार जोडीनं असे. एकानं फळ्यावर बाणांसकट मेकॅनिझम काढायची, दुसऱ्यानं ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ट्रान्स्परन्सी सरकवायच्या. आमच्या वाट्याला ग्रिन्यार अभिक्रिया आली. तिचं अभिकर्मक पाण्याच्या थेंबानं मरतं, ईथर ठणठणीत कोरडं लागतं. आणि बाहेर कोल्हापूरचा आषाढ! सर बिलंदर. ज्यानं जो भाग मांडला नाही, त्यालाच त्यावर प्रश्न. मग दोघांनाही सगळंच समजून घ्यावं लागे.

आता पोरं पीपीटी वाटून घेतात आणि आपल्या स्लाईडपुरतं बोलून बसतात. प्राध्यापकांनो, तेवढी उलटतपासणी पुन्हा सुरू करा.