तुर्भ्याचा लेसर

परवा घरी फायबर जोडायला आलेला मुलगा म्हणाला, "सर, यातून लेसर जातो."

सेमीकंडक्टर लेसर अमेरिकेत झाला १९६२ साली. आणि १९६४ मध्ये आपल्या तुर्भ्याला, अणुशक्ती केंद्रात, गॅलियम आर्सेनाइडचा! १९६५ मध्ये त्याच्या उजेडावरून तुर्भे ते कुलाब्याची टाटा संस्था असा संपर्कही साधला. तोही मोकळ्या हवेतून. धुकं पडलं की खेळ संपला. लांबवर उजेड नेणारी काचेची तार १९७० ची. साध्या तापमानाला अखंड चालणारा लेसरही त्याच वर्षीचा.

१९६४ साली मी इंदापुरात कंदिलाखाली अभ्यास करत होतो. पुढे बी.ए. असूनही विज्ञानाचा तास माझ्याच गळ्यात पडला. प्रकाशाचा धडा कितीदा शिकवला, तुर्भ्याचं नाव एकदाही घेतलं नाही. माझे विद्यार्थी वाचत असतील, तर वहीत लिहून घ्या रे.