झाडाच्या सालीवर कोरलेले पूर्वज

ज्याच्याकडं पोथी नाही त्याला इतिहास नाही, असा एक कायदा शहाण्या लोकांनी जगभर करून ठेवलाय. ताम्रपट, सनद, बखर ज्याच्या घरात, तोच जुना. बाकीचे सगळे जणू काल-परवा उगवलेले. या कायद्याला ज्यांनी नुसत्या आठवणीच्या जोरावर उत्तर दिलं अशी एक छोटी जमात पॅसिफिक महासागरात आहे. मोरिओरी तिचं नाव. तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून दोस्तहो, हे लिहितोय.

आधी त्यांचं मूळ. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवान बेटावरून होड्या निघाल्या. पिढ्यान्‌पिढ्या एकेक बेट गाठत ही माणसं पश्चिमेला आफ्रिकेजवळच्या मादागास्करला पोचली आणि पूर्वेला ईस्टर बेटाला. अर्धी पृथ्वी पालथी घातली. हातात नकाशा नाही, लिहायला लिपी नाही. पण पुरावा जिभेवर राहिला. पाच या आकड्याला मलाय भाषेत 'लिमा' म्हणतात, सामोआत 'लिमा', न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'रिमा', मादागास्करमध्ये 'दिमी'. समुद्राच्या दोन टोकांची माणसं एकाच हाताची बोटं एकाच शब्दानं मोजतात. विद्वान या सगळ्यांना ऑस्ट्रोनेशियन म्हणतात.

या लोकांत पूर्वज कोरायची रीत ठिकठिकाणी आहे. तैवानचे पायवान घराच्या खांबावर पूर्वज कोरतात. सुलावेसी बेटावरचे तोराजा मेलेल्या माणसाचा लाकडी पुतळा करून कड्यातल्या कबरीपाशी उभा करतात. माओरींचं सभाघर म्हणजे तर पूर्वजाचं अख्खं शरीर. आढं हा पाठीचा कणा, वासे बरगड्या, भिंतीतला प्रत्येक कोरीव खांब एकेक पूर्वज. त्या खांबांपुढं उभं राहून वंशावळ तोंडपाठ म्हणतात.

पण आपण आंबेडकरवादी. आपण पहिला प्रश्न हाच विचारणार, की पूर्वज कुणाचे? पायवानांत असे खांब कोरायचा हक्क सरदार घराण्यांचा होता. तोराजांत पुतळा व्हायचा तो बड्या घरच्या माणसाचा. गुलामाचा बाप कुणी कोरत नव्हतं. लाकडातही वर-खाली होतंच. तेव्हा लिपी नसलेले सगळे लोक समतेचे, असं समजायचं कारण नाही.

मोरिओरींचं वेगळं होतं. न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर त्यांचं बेट. ते त्याला रेकोहू म्हणतात, इंग्रजांनी चॅटम नाव दिलं. सारखा वारा, थंडी, पाऊस. सील मासे, पक्षी, शेवाळं, कंदमुळं खाऊन जगायचं. वंशपरंपरेनं चालत आलेली मोठी सरदारकी त्यांच्यात नव्हती. जो कामात हुशार, त्याचं ऐकायचे. माणसाच्या मापाचे खांब कोरायला बेटावर मोठं लाकूडही नव्हतं. मग त्यांनी जिवंत झाडांवर पूर्वज कोरले. कोपी नावाचं झाड त्यांनी वस्त्यांभोवती राखलं होतं. त्याची बी कच्ची खाल्ली तर विषारी, पण भाजून, पाण्यात भिजत घालून खाता येते. ज्या झाडानं पोट भरायचं त्याच झाडाच्या सालीवर बाप-आजे. मोठं डोकं, उघड्या बरगड्या, वाकलेले गुडघे, वर उचललेले हात. झाड वाढायचं तसा पूर्वजही सालीबरोबर रुंद व्हायचा. वंशावळीला ते 'होकोपापा' म्हणतात, पूर्वजांना 'करापुना'. होकोपापा तोंडात आणि करापुना झाडावर, असा त्यांचा ग्रंथ.

त्यांचा कायदाही तोंडीच. फार पूर्वी टोळ्यांत कापाकापी माजली, तेव्हा नुनुकू नावाच्या पुढाऱ्यानं सांगितलं, की यापुढं माणूस मारायचा नाही. भांडण झालं तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनं लढा, रक्ताचा पहिला थेंब दिसला की थांबा. हा शब्द शेकडो वर्षं पाळला गेला. 1791 साली 'चॅटम' नावाचं इंग्रजी जहाज आलं. किनाऱ्यावर झटापट झाली आणि तामाकारोरो नावाचा मोरिओरी गोळी लागून मेला. तरी मोरिओरींची सभा बसली आणि चूक आपल्याच माणसांची होती असं तिनं ठरवलं. पुढं पाहुणे आले तर शांततेनं सामोरं जायचं.

1835 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाहुणे आले. न्यूझीलंडच्या तारानाकी भागातले, न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या माओरी टोळ्यांचे सुमारे नऊशे लोक. बंदुका, कुऱ्हाडी घेऊन, एका इंग्रजी जहाजातून दोन खेपांत उतरले. हे लोक स्वतःच दुसऱ्या टोळ्यांच्या बंदुकांपुढं आपलं गाव सोडून निघालेले. तेआवापातिकी इथं मोरिओरींची मोठी सभा भरली. तरुण म्हणाले, आपण जास्त आहोत, लढू. तापाता आणि तोरेआ हे म्हातारे म्हणाले, नुनुकूचा शब्द मोडायचा नाही. म्हाताऱ्यांचं ऐकलं गेलं. मग कत्तल झाली. दोनशेच्या वर माणसं मारली गेली, काहींना खाल्लंही गेलं. उरलेले गुलाम. त्यांना आपसांत लग्नाची बंदी, आपल्या भाषेची बंदी. आपलीच पवित्र ठिकाणं त्यांच्या हातून बाटवून घेतली गेली. 1835 ला सुमारे सतराशे असलेली माणसं 1862 ला शंभराच्या आसपास राहिली. कित्येक जण दुखण्यानं गेले, कित्येक जगायची इच्छाच मेल्यानं.

इथं आपल्यातले काही पोरं म्हणतील, काय येडे लोक! लढले का नाहीत? मलाही राग येतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा प्रश्न नीट सोडवलाय. बुद्धानं अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, नियम म्हणून नाही. मारायची हौस वेगळी आणि मारणं भाग पडणं वेगळं. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं, नियम बांधून टाकतो. नुनुकूचा शब्द म्हाताऱ्यांनी नियम करून टाकला, असं मला वाटतं. पण त्यांची टवाळी मी करणार नाही. शब्द पाळणाऱ्याला दोषी आणि कुऱ्हाड चालवणाऱ्याला शूर म्हणायचं, ही जेत्यांची भाषा झाली.

आणि ही भाषा कायद्यानं उचलली. साम्राज्याच्या बहुतेक भागात गुलामगिरी बंद करायचा कायदा इंग्रजांनी 1833 ला केला होता. 1842 ला हे बेट त्यांच्या न्यूझीलंडला जोडलं गेलं. तरी मोरिओरींची गुलामी सुटल्याचं सरकारनं जाहीर केलं ते 1863 ला. वीस वर्षं सरकारच्या नाकाखाली माणसं गुलाम होती. 1870 ला जमीन कोर्ट बसलं. जिंकलं त्याची जमीन, असा हिशेब करून सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर जमीन न्गाती मुतुंगांना दिली. मोरिओरींना तीन टक्केसुद्धा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा कुऱ्हाडीच्या नावावर झाला.

त्याआधी, 1862 ला, मोरिओरी म्हाताऱ्यांनी एक काम केलं होतं. मला ते सगळ्यात मोठं वाटतं. गव्हर्नर जॉर्ज ग्रे याला त्यांनी अर्ज लिहिला. सोबत यादी जोडली. 1835 साली बेटावर जिवंत असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव! दीड हजारावर नावं, सत्तावीस वर्षांनी, आठवणीतून. कोण मारला गेला, त्यावर खूण. होकोपापा पाठ असलेल्या लोकांनाच हे जमणार. जमीन काही त्यांना मिळाली नाही. यादी राहिली.

पुढं गोऱ्या विद्वानांनी आणखी एक खेळ केला. मोरिओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळचे काळे, आळशी लोक, माओरींनी त्यांना हाकलून बेटावर नेलं, असं शाळेत शिकवलं गेलं. साफ खोटं. मोरिओरी त्याच होड्यांचे, त्याच 'रिमा'वाल्या कुळातले. संशोधक स्किनरनं 1923 मध्येच हे दाखवून दिलं होतं. पण खोटं सोयीचं होतं. माओरींनी दुबळ्यांची जमीन घेतली, मग आम्ही माओरींची घेतली तर काय बिघडलं, असं गोऱ्याला म्हणता येत होतं. ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांचीच गोष्ट दुसऱ्या जुलमाचा परवाना म्हणून वापरायची. श्रेणीबद्ध विषमता जातीतच असते असं नाही. मधल्या पायरीवरचा खालच्याला तुडवतो आणि वरचा दोघांच्या भांडणावर राज्य करतो. न्गाती मुतुंगा, न्गाती तामांची तारानाकीतली जमीनही 1865 ला गोऱ्या सरकारनं जप्त केलीच की.

1933 ला तामे होरोमोना रेहे, म्हणजेच टॉमी सॉलोमन वारला. पेपरांनी लिहिलं, शेवटचा मोरिओरी गेला, जमात संपली. त्याची मुलंबाळं जिवंत होती. रक्त शुद्ध नाही म्हणून ती मोजली नाहीत. रक्ताची शुद्धता मोजणारे सगळीकडं सारखेच.

जमात संपली नव्हती. 2001 ला वैतांगी न्यायाधिकरणानं त्यांचा दावा मान्य केला. 2005 मध्ये बेटावर कोपिंगा नावाचं त्यांचं सभाघर उभं राहिलं. त्याच्या मधल्या खांबावर नावं कोरलीत. तीच 1862 च्या यादीतली! अर्जाला जोडलेला कागद एकशे त्रेचाळीस वर्षांनी खांब झाला. बड्या घराण्याचा निवडक पूर्वज त्यावर नाही. त्या सालच्या बाया, पोरं, म्हातारे, सगळे सारख्या अक्षरांत. 2021 ला कायदा होऊन सरकारनं माफी मागितली. 2022 ला लंडनच्या निसर्ग-संग्रहालयानं 111 मोरिओरी पूर्वजांचे अवशेष परत दिले. इतकी वर्षं ती हाडं कपाटात नंबर लावून ठेवली होती.

झाडं मात्र मरताहेत. जंगल तोडलं, मेंढ्या-गुरं सोडली, वारा आत शिरला. विसाव्या शतकाच्या मध्याला क्रिस्टिना जेफरसन या बाईनं हजारावर आकृत्या नोंदवल्या होत्या. आज हापूपूच्या राखीव जंगलात आणि इकडंतिकडं थोड्याच उरल्यात. साल गळते तसा पूर्वज गळतो.

म्हणून कार्यकर्त्यांना एकच सांगणं आहे. कुठं हल्ला झाला, वस्ती जळाली, की भाषणाआधी यादी करा. कोण होतं, वय काय, कुणाचं काय केलं. म्हाताऱ्यांना बसवून विचारा आणि तीन ठिकाणी तीन प्रती ठेवा. आज साहेब ती यादी फायलीत दाबेल. दाबू द्या. नावं आपल्याकडं पाहिजेत.